पटावर नाव, वर्गात जागा

माझ्या धाकटीचं नाव शाळेत घालायला कुणी नकार दिला नाही. उलट आनंदाने घालून घेतलं. फक्त तिने रोज शाळेत यावं, असं कुणाला वाटत नव्हतं.

जून 2018 ची गोष्ट. आमचं गाव मोठं, आठवडी बाजाराचं, पण जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वर्षागणिक उतरत चाललेला. पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे ते ठरतं, आणि त्यावर शिक्षकांची पदं टिकतात. त्यामुळे सहा वर्षांची एक मुलगी पहिलीत येतेय म्हटल्यावर हेडसरांनी लगेच रजिस्टर पुढे ओढलं. "घालूया की ताई नाव. पण रोज आणायची दगदग कशाला करताय? घरीच राहू दे तिला. तालुक्याच्या गट साधन केंद्राच्या, बीआरसीच्या मॅडम येत जातील घरी शिकवायला. हजेरीचं आम्ही बघतो." शेजारी बसलेल्या बाईंनीही मान डोलावली. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजीच होती, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं जड गेलं. आमचा थोरला त्याच शाळेत चौथीत होता. त्याचं नाव घालताना हा रोज येणार का, असं कुणी विचारलं नव्हतं.

धाकटीला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्यातला तिचा प्रकार स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे दोन्ही पायांचे स्नायू कायम ताठ. चालताना टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात. हातांवर परिणाम आहे, पण कमी. बोलणं संथ. समज मात्र वयाच्या इतर मुलांइतकीच, आणि पाठांतर तर थोरल्यापेक्षा चांगलं. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की तिला पाहणारा माणूस तिचे पाय पाहतो आणि डोक्याबद्दल निष्कर्ष काढतो. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना बौद्धिक अडचण असतेही. त्यांचाही शाळेवर तेवढाच हक्क आहे, हे मला पुढे वाचताना नीट कळलं. "आमची हुशार आहे हो" असं सांगून प्रवेश मागायचा नसतो. हुशारीची अट कायद्यात कुणालाच घातलेली नाही.

शाळेआधीचा टप्पा प्रमाणपत्राचा. तो सविस्तर सांगते, कारण पुढचं बरंचसं त्या कागदावर उभं असतं.

सुरुवात अंगणवाडीतून झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यातल्या डॉक्टरांनी तिला पाहून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली. हे केंद्र जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच असतं. फिजिओथेरपी, वाचा, कान, डोळे यांची तपासणी तिथे एका छताखाली होते आणि पैसे पडत नाहीत. अंगणवाडी ताई ती चिठ्ठी माझ्या हातात ठेवून थांबल्या नाहीत, पहिल्या खेपेला सोबत आल्या. अंगणवाडीत त्या धाकटीला रोज गोलात बसवायच्या, आधाराला मागे तांदळाचं पोतं लावून. तिला शाळेची गोडी लागली ती तिथे.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात बोर्डाचा, म्हणजे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचा, वार ठरलेला असतो. त्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघायचं, केसपेपर काढायचा, रांगेत नंबर लावायचा. बोर्डाच्या दिवशीचा तो व्हरांडा मी विसरू शकत नाही. कुबड्या घेतलेले म्हातारे, काळे चष्मे लावलेली माणसं, आईच्या मांडीवर मान न धरणारं लेकरू, आणि जिथे सगळ्यात जास्त गरज तिथे बसायला सगळ्यात कमी बाकं. आमचा नंबर आला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी तिला बोटाला धरून भिंतीपर्यंत चालत जायला सांगितलं. पाय सरळ करून, वाकवून, सांध्यांचे कोन मोजले. ती त्यांना म्हणाली, "डॉक्टर, मी अंगणवाडीत गाणं म्हणते, म्हणू?" रांग मोठी होती, त्यांना वेळ नव्हता. कागदावर 60 टक्के लिहिलं गेलं.

ही टक्केवारी किती असते याला फार महत्त्व आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व धरलं जातं आणि बहुतेक सवलती तिथून सुरू होतात. पण आकडा काय मोजतो हेही ध्यानात ठेवायला हवं. तो पायांचा ताठरपणा मोजतो. या मुलीला वर्गात काय लागेल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. शाळेत गेल्यावर प्रत्येक जण आधी टक्के विचारायचा आणि तेवढ्यावर ठरवून मोकळा व्हायचा. मी मग टक्के सांगण्याआधी तिला काय येतं आणि काय लागतं, ते सांगायला लागले.

आमचं पहिलं प्रमाणपत्र राज्याच्या जुन्या एसएडीएम प्रणालीतलं होतं. पुढे केंद्राचं स्वावलंबन पोर्टल आलं, तेव्हा नव्याने अर्ज करून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढावं लागलं. हे कार्ड तीन रंगांत येतं: 40 च्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि पुढे निळं. आमचं पिवळं. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं प्रमाणपत्र देतात आणि त्यावर मुदत असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपली की शिष्यवृत्तीपासून साहित्यापर्यंत सगळं अडतं, आणि पुन्हा बोर्डाचा नंबर लागायला वेळ जातो. आधार कार्डावरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव आणि दवाखान्याच्या कागदावरचं नाव अक्षरशः एकसारखं आहे ना, तेही आधीच पाहा. आमच्यात एका वेलांटीचा फरक होता, तेवढ्यासाठी अर्ज परत आला.

आता शाळेकडे येते.

"घरीच राहू दे" या सल्ल्यामागे एक खरी तरतूद आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि दिव्यांग मुलांचा वंचित गटात स्पष्टपणे समावेश झाला. त्याच दुरुस्तीत असंही आलं की बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येईल. अंथरुणाला खिळलेल्या, जास्त आजारी मुलांसाठी ही फार मोलाची सोय आहे. पण खेड्यापाड्यांत तिचा उलटा वापर होतो. जिथे रॅम्प नाही, संडास नीट नाही, बाईंना सवय नाही, तिथे मुलाचं नाव पटावर ठेवून त्याला घरी बसवलं जातं आणि कागदावर सगळं नियमात दिसतं. असं मूल शाळाबाह्य मुलांच्या यादीत येत नाही. सर्वेक्षणात सापडत नाही. ते शाळेत आहे असंच सगळीकडे लिहिलेलं असतं.

हे मला गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षिकेने समजावलं. पंचायत समितीच्या आवारात हे केंद्र असतं, त्यालाच सगळे बीआरसी म्हणतात. मॅडम कंत्राटी, पगार तुटपुंजा, तालुक्यातल्या कितीतरी शाळा त्यांच्या एकटीच्या वाट्याला. घरी शिकवायला येणार म्हणजे किती येणार? त्यांनी स्वतःच मला सांगितलं, "घरी शिकायचं की शाळेत, हे तुम्ही ठरवायचं आहे. शाळेने नाही. आणि माझ्या महिन्यातल्या एखाद्या फेरीवर तुमच्या मुलीचं शिक्षण टाकू नका." स्वतःचं काम कमी दाखवणारं हे बोलणं त्यांनी किती प्रामाणिकपणे केलं, याची मला अजून जाण आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मी त्यांच्याकडूनच मराठीत वाचायला आणला. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. आईबापांनी त्यातली तीन कलमं तरी पाठ करावीत असं मला मनापासून वाटतं. कलम 3 म्हणतं की दिव्यांगत्वामुळे भेदभाव करता येणार नाही. कलम 16 शाळांना सांगतं की मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्या, इतरांबरोबर शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्या, इमारत आणि आवार वापरता येईल असं करा, आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा. आणि कलम 31: लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिक्षणाचा हक्क. पसंती मुलाची आहे. विशेष शाळा चांगल्याच असतात, काही मुलांना त्याच लागतात, माझ्या ओळखीची एक कर्णबधिर मुलगी तिथे खुलली. पण आमच्या मुलीला भावाची शाळा हवी होती.

तोंडी बोलून काही होत नाही, हे तोवर कळलं होतं. शाळा तोंडी सांगते, आपण तोंडी भांडतो, आणि फाइलमध्ये काहीच उरत नाही. म्हणून अर्ज लिहिला. तो असा होता: "माझी कन्या इयत्ता पहिलीत दाखल असून ती नियमितपणे शाळेत उपस्थित राहणार आहे. आम्ही गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 व 31 नुसार तिला वर्गात बसण्याची, स्वच्छतागृहाची व प्रवेशमार्गाची सोय करून मिळावी. सोय करणे शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. कारण लेखी मागितलं की समोरच्या माणसाला ते कारण स्वतःच्या सहीने लिहावं लागतं, आणि "मुलीला त्रास होईल" असं सहीनिशी लिहायला कुणी तयार नसतं.

हेडसर म्हणाले, "अर्ज कशाला ताई, सगळं आपलंच आहे." त्यांना वाईट वाटलं होतं. मी त्यांना म्हटलं, "सर, हा तुमच्या विरुद्ध नाही. वरून काही मागायचं तर तुम्हालाही कागद लागेलच." ते अगदी खरं होतं. शाळेकडे ना पैसा होता ना माणूस, आणि मागणी नोंदवल्याशिवाय वरून काही सुटत नाही. एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे आवक विभागात दिली. माझ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतली. खाली लिहिलं होतं: प्रत माहितीस्तव, मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण, पुणे. ती रजिस्टर पोस्टाने पाठवली. पुण्याहून काही उत्तर येण्याआधीच केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, शाळेत येऊन गेले. खालच्या कार्यालयांना वरच्या प्रतीची ओळ दिसते, एवढं मी अनुभवाने सांगते.

धाकटी वर्गात बसायला लागली. आणि मग मला कळलं की खरं काम इथून सुरू होतं.

पहिले काही महिने मी व्हरांड्यात बसून असायचे. अट तशीच होती, संडासला न्यायला घरचं माणूस हवं. घरी रोजंदारीचं शिवणकाम बुडायचं ते वेगळंच. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली नाही, पहिल्याच आठवड्यात दिसली: तिची पाण्याची बाटली भरलेली परत येत होती. संडासला जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नव्हती. सहा वर्षांचं मूल, उन्हाचे दिवस. मुलींचं स्वच्छतागृह पटांगणाच्या पलीकडे, चढायला पायऱ्या, आत भारतीय पद्धतीचं भांडं. जिचे पाय वाकत नाहीत तिने तिथे बसायचं कसं? ती बाटली मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत टेबलावर ठेवली. मला त्या दिवशी कलमं सांगावी लागली नाहीत.

या समितीबद्दल पालकांना फार कमी माहिती असते. शिक्षणहक्क कायद्याने तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया, आणि वंचित गटातल्या मुलांच्या आईवडिलांना प्रमाणात जागा. दिव्यांग मूल वंचित गटात येतं, म्हणजे त्या खुर्चीवर आपला हक्क आहे. मी सदस्य झाले. पहिला ठराव स्वच्छतागृह आणि रॅम्पचा. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर.

पैसा ग्रामपंचायतीतून आला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. बऱ्याच गावांत ही रक्कम वाटून टाकतात किंवा तशीच पडून राहते. आमच्या ग्रामसेवकांनी आधी "या वर्षीचं नियोजन झालं" म्हणून सांगितलं. गावातले एक दिव्यांग काका, टपरी चालवतात, ते ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या वाटणीचं या पोरीच्या संडासाला लावा." ग्रामसभेत टाळ्या क्वचित वाजतात. त्या दिवशी वाजल्या.

रॅम्प मात्र आधीच एक होता. तपासणी होणार म्हणून कधीतरी बांधलेला, सहा फुटांचा. शाळेचा ओटा दीड फूट उंच. मी घरचा टेप नेऊन मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, 1:12 हे सर्वसाधारण प्रमाण आहे. म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. सहा फुटांच्या त्या घसरगुंडीवर वॉकर घेऊन ती चढूच शकत नव्हती, आणि उतरताना पुढे तोंडावर आपटण्याची भीती. गवंड्याला आधी पटेना, एवढी लांबी कशाला वाया घालवायची म्हणाला. त्याला मी धाकटीचा वॉकर दिला आणि जुन्या रॅम्पवरून नुसता उतरून दाखवा म्हटलं. तो अर्ध्यातच थांबला. मग त्याने भिंतीच्या कडेने वळण घेऊन, मधे सपाट टप्पा ठेवून, दोन्ही बाजूंना पाइपाचे कठडे लावून काम केलं. वरचा पाइप मोठ्यांसाठी, खालचा मुलांच्या हाताला येईल असा. तेव्हापासून शाळेतल्या एका गुरुजींच्या वयस्कर आई मतदानाला येतात त्याही तिथूनच चढतात. स्वच्छतागृहात एक कमोड बसला, भिंतीला दांडा, आणि बाहेर उघडणारं दार. आत उघडणारं दार असेल तर पडलेल्या मुलाला बाहेर काढता येत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ती, पण सांगितल्याशिवाय सुतार ती करत नाही.

खिचडीच्या वेळी मुलं व्हरांड्यात मांडी घालून पंगतीला बसतात. तिला मांडी येत नाही, म्हणून तिला वर्गात एकटीला बाकावर ताट दिलं जायचं. पहिलीच्या बाईंना मी काही बोलले नव्हते. एके दिवशी गेले तर पंगतीच्या टोकाला एक बुटका बाक टाकलेला, त्यावर ही आणि हिच्या दोन मैत्रिणी, बाकीची मुलं खाली. दुसऱ्या दिवशी बाकावर कोण बसणार यावरून भांडण, म्हणून बाईंनी पाळ्या लावलेल्या. मी त्या बाईंचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. कुठल्याही प्रशिक्षणात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

खेळाच्या तासाचं उत्तर मुलांनीच काढलं. आधी तिला गुण लिहायला बसवायचे. असं मूल असलं की त्याला पंच नाहीतर गुणलेखक करायचं, हे शाळाशाळांतून ठरलेलं आहे, आणि मला ते कधीच पटलं नाही. दुसरीत मुलांनी लगोरीत नियम केला: ही खुर्चीत बसून चेंडू मारणार, हिच्या वाटचं पळणं दुसरी कुणीतरी करणार, पण बाद झाली तर ही बाद. तो शेवटचा भाग मला सगळ्यात आवडला. तिला बाद करत होते, म्हणजे खेळात धरलं होतं.

मग मार्च 2020 आला आणि शाळा बंद पडली. बंद शाळेने सगळ्याच मुलांचं नुकसान केलं, पण थेरपी घेणाऱ्या मुलांचं दुहेरी. जिल्ह्याच्या केंद्रात जाणं थांबलं, घरी मी करीन तेवढे व्यायाम. पायात घालायचे एएफओ, म्हणजे घोट्याला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे साचे, ते लहान झाले आणि नवे मिळेनात. गुडघ्यामागचे स्नायू आखडले. शाळा पुन्हा उघडली तेव्हा आधी वॉकरवर पटांगण ओलांडणारी मुलगी व्हरांड्यापर्यंतच येऊ लागली. ते परत मिळवायला खूप काळ गेला, काही परत मिळालंच नाही.

साहित्याचंही सांगून टाकते. तालुक्याला एलिम्कोचं, म्हणजे दिव्यांगांचं साहित्य बनवणाऱ्या केंद्र सरकारच्या कंपनीचं, मोजमाप शिबिर होतं, तिथे माप घेतात, आणि वॉकर, सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना आधार देणारी खुर्ची), कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) असं जे ठरेल ते पुढे वाटप शिबिरात मिळतं. दोन्हींच्या मधे एवढे महिने जातात की वाढत्या मुलाला माप लागत नाही. शक्य असेल तर मोजमाप घेणाऱ्याला उंची कमीजास्त होणारा वॉकर लिहायला सांगा. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतून दिव्यांग मुलींना महिना 200 रुपये, वर्षातले दहा महिने, विद्यावेतन असतं; मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ताही असतो. रकमा लहान आहेत. पण मदतनीस भत्ता मिळाला म्हणजे मदतनिसाची गरज सरकारने मान्य केली, आणि त्या नोंदीचा पुढे उपयोग होतो. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, तिच्यात थेरपीचाही खर्च बसतो. ती जरूर घ्या.

पाचवीत सहलीचा प्रश्न आला. यादीत तिचं नाव नव्हतं. वर्गशिक्षक म्हणाले, "किल्ला आहे हो, कशी चढेल?" समितीत मी फक्त एवढंच विचारलं की किल्ला आधी ठरला की मुलं आधी मोजली? चर्चा झाली, आणि पन्हाळा ठरला. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते, गडावरच वस्ती आहे. अंबरखान्यापर्यंत ती वॉकरवर गेली, बाकीची मुलं तिथून पुढे तीन दरवाजाकडे पळाली, आणि परत येऊन तिला काय पाहिलं ते एकाच वेळी सगळी सांगायला लागली. त्या वर्गात सांधेदुखी असलेले एक गुरुजी होते, तेही त्या दिवशी पहिल्यांदा गड सगळा फिरले.

विशेष शिक्षकांचं मात्र मला आजही सलतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं की विशेष शिक्षक नेमा. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक. राज्यात शाळांच्या गटांची 4,860 केंद्रं आहेत आणि प्रत्येक केंद्राला एक विशेष शिक्षक असं 2024 मध्ये ठरलं. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. आमच्या मॅडमसारखी माणसं वर्षानुवर्षं कंत्राटावर राहून हे काम ओढत आली. त्यांची नोकरी पक्की नसेल तर आमच्या मुलांचा हक्क पक्का कसा होणार?

आता सातवी संपतेय. जिल्हा परिषदेची शाळा इथवरच. आठवीला संस्थेच्या हायस्कूलला जायचंय, दोन मजली इमारत, आठवीच्या सगळ्या तुकड्या वर. शिक्षणहक्क कायद्याचं वय चौदापर्यंत, पण कलम 31 अठरापर्यंत जातं, हे इथे महत्त्वाचं. पुढे दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, त्यासाठीची सवय आठवीपासून चाचण्यांतच लागायला हवी. एक तुकडी खाली आणा, असा अर्ज मार्चमध्येच दिलाय, पोच घेतलीय.

या खेपेला अर्ज तिने स्वतः लिहिला. कायद्याचं कलम 4 म्हणतं की दिव्यांग मुलांना स्वतःशी संबंधित गोष्टींत आपलं मत मांडण्याचा हक्क आहे. मी ते तिला दाखवलं तेव्हा तिने माझ्या हातातून कागद घेतला. माझी वाक्यं तिने बरीचशी ठेवली, खाली एक स्वतःची घातली: "वर्ग खाली आणला तरी प्रयोगशाळा वरच आहे, तेव्हा विज्ञानाचे प्रयोग मी कसे करावेत हेही कळवावे." ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी अर्ज वाचून निरोप पाठवलाय की पालकांनी यावं, आणि अर्ज लिहिणारीलाही सोबत आणावं. सोमवारी अकराला जायचंय. प्रयोगशाळेतलं कुठलं सामान खाली हलवता येईल, याची यादी ती विज्ञानाच्या सरांना विचारून करतेय.